सत्तावीस नंबरचं गाव

दवाखान्याच्या औषधांच्या खिडकीसमोर माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंनी हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पिशवीवरचं दुकानाचं नाव माझ्याकडे वळलं. जुनी कापडी पिशवी, धुऊन धुऊन अक्षरं पुसट झालेली. पण मला ती वाचावी लागली नाहीत. आपल्या माणसाचं पाऊल जिन्यावर वाजावं आणि दार उघडण्याआधीच कळावं, तसं कळलं. सत्तावीस नंबर, नदीपलीकडचा चौक, पिठाची गिरणी. फॉर्मवरची ओळ तिसरी. रांगेत अनोळखी माणसाशी बोलणारी मी नव्हे, पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "तुम्ही तिकडच्या का?" त्या म्हणाल्या, "माहेर तिकडचं." मी म्हटलं, "गिरणी चांगली आहे ना ती? दळण ताजं मिळतं." बाईंनी मागे वळून मला नीट पाहिलं. "मिळायचं," त्या म्हणाल्या. "गिरणी बंद होऊन पाच वर्षं झाली की हो. मोबाइलचं दुकान आहे आता तिथे. तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात?" मी म्हटलं, "बरेच दिवस झाले." मी कधीच गेले नव्हते. खिडकीतल्या माणसाने माझा नंबर पुकारला, मी वहिनीच्या गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या, सुटे परत घेतले, न मोजताच पर्समध्ये टाकले. बाहेर पायरीवर आल्यावर लक्षात आलं की मी उभीच आहे आणि लोक मला वळसा घालून चाललेत. सोमवारी आलेल्या फॉर्मवर त्याच गिरणीच्या ओळीपुढे, अरुंद रकान्यात, तिरप्या बारीक अक्षरात शेरा होता: 'पीठ आज सकाळचं. हाताला अजून ऊन लागतं.'

मी भाव तपासते. म्हणजे तपासत होते. त्या दिवशी निवृत्तीला अकरा दिवस उरले होते. आमच्या कचेरीत चाळीस केंद्रांवरून दर आठवड्याला फॉर्म येतात, पीठ केवढ्याला, तेल केवढ्याला, साबणाची वडी, चपलेचा टाका, एका माणसाचे केस कापायचे किती. त्यावरून जगणं किती महागलं ते ठरतं. गावांची नावं आम्ही लिहीत नाही, नंबर लिहितो. नाव वाचलं की माणूस लगेच काहीतरी समजून बसतो, असं पहिल्या दिवशी तेव्हाचे साहेब म्हणाले होते. ठरलेलं दुकान, ठरलेला वार, ठरलेली वस्तू. भाव टिपणाऱ्याने स्वतः चालत जायचं, वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं. दुकान बंद झालं असेल तर 'बंद' लिहायचं आणि तसंच दुसरं शोधायचं. अंदाजाने काही लिहायचं नाही. अंदाज हा आमच्याकडे शिवीसारखा शब्द. मी तपासलेल्या फॉर्ममधून अंदाज सुटत नसे, म्हणून कचेरीत मला 'चाळणी' म्हणत. तोंडावर नाही; पण जिन्यात कानावर पडायचं, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

फॉर्मच्या शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो बहुतेक कोराच येतो. चौदा नंबरवाले कधी लिहितात 'आवक कमी', एकतीसवाले वर्षातून एकदा 'दुकानदार उद्धट'. सत्तावीसवाले मात्र लिहायचे. मी पस्तिशीत होते तेव्हापासून. 'कांदा ओला आहे, टिकणार नाही.' 'चांभार आजारी, त्याच्या मुलीने टाका घातला, चांगला घातला.' एकदा लिहिलं होतं, 'साखर तीच, पण पुडी बांधणारा नवा आहे, गाठ सुटते.' ते वाचून मी टेबलावर एकटीच हसले होते, आणि हसता हसता शेऱ्याखाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं: 'छान.' नियमात असं काही लिहायचं नसतं. तपासलेल्या फॉर्मची दुसरी प्रत केंद्राला परत जाते, तिच्यावर नुसत्या खुणा असायच्या असतात. मी खोडायला रबर घेतलं आणि तेवढ्यात शिपाई गठ्ठा उचलून घेऊन गेला. राहिलं ते राहिलं. त्यानंतर सत्तावीसचा शेरा कधी चुकला नाही. सोमवारी सकाळी गठ्ठा आला की मी सत्तावीसचा फॉर्म सगळ्यात शेवटी उघडायचे, लहानपणी ताटातला आवडता घास बाजूला ठेवायचे तसा. दादा गेला त्या आठवड्यातही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं सगळं उरकून मी सहाव्या दिवशी कचेरीत गेले, कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवायला नको म्हणून मान खाली घालून गठ्ठा ओढला, आणि सत्तावीसमध्ये लिहिलेलं होतं, 'पावट्याच्या शेंगा आल्या, म्हातारी दुकानदारीण प्रत्येकाला एक सोलून खायला देते.' मला वाटलं, कुणीतरी माझ्याही हातावर ठेवली.

दादा गेल्यापासून एकोणीस वर्षं मी आणि वहिनी कचेरीच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत राहतो. दादाची नोकरी खासगी, मागे काही उरलं नाही. पुतण्या तेव्हा कॉलेजात होता. त्याचं शिक्षण झालं, लग्न झालं, तो लांबच्या शहरात गेला, त्याला दोन मुली झाल्या. आम्ही दोघी तशाच. ती स्वयंपाकाची, मी बाजाराची. ती बोलणारी, मी ऐकणारी. लाडात आली किंवा रागावली की वहिनी मला 'वन्सं' म्हणते आणि अहोजाहो करते; एरवी अगं. तिला ओळी जुळवायची सवय. भाजी चिरता चिरता कधी माझ्यावरच जुळवायची:

वन्सं माझी शहाणी, तोलते मीठ-पाणी,
तोलता तोलता झाली, पांढरी गं वेणी.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत खोल्या सोडायच्या असतात. या शहरात आम्हाला भाड्याने काही परवडणार नाही हे मला दहा वर्षांपासून माहीत होतं, आणि माझ्याइतकं नेमकं ते कुणालाच माहीत नसेल. मग मी तक्ता केला. दुसरं काय करणार, तेवढंच येतं. आम्हा दोघींचं महिन्याचं जगणं एका कागदावर मांडलं, तिच्या गोळ्या, माझा चष्मा, दूध, बंबाचं सरपण, वर्षातून एकदा पुतण्याकडे जायचं भाडं, सगळं. या शहरातल्या त्या जगण्याला शंभर धरलं. मग तेच जगणं उचलून एकेका गावात ठेवून पाहिलं. चौदा नंबरला एक्क्याण्णव. एकतीसला चौऱ्याऐंशी. सत्तावीसला चौसष्ट. आणि माझं पेन्शन त्याच मापाने सदुसष्ट. मी तो चौसष्टचा आकडा तीनदा पडताळला. मनात कुठेतरी आधीपासून तोच यावा असं वाटत होतं, म्हणून जास्तच कडक पडताळला. तो तिन्ही वेळा तसाच आला. त्या संध्याकाळी मी वहिनीला म्हटलं, "सत्तावीसमध्ये आपण दोघी मावतो." ती म्हणाली, "मावतो म्हणजे? आपण काय लोणच्याच्या बरण्या आहोत?" पण तिचा आवाज एकदम सैल पडला होता. पुतण्याने तिला निरोप दिला होता, आई, तू ये, तुझ्यापुरता कोपरा आहे. आणि मला म्हणाला होता, "आत्या, तुझंही बघू." त्या 'बघू'चा अर्थ वहिनीलाही कळला होता आणि मलाही, आणि आम्ही दोघींनी तो शब्द कुणी अंगणात टाकलेल्या चपलेसारखा ओलांडून जायचं ठरवलं होतं. दोघी मावतील असं एकच गाव होतं. बाकी कुठेही गेलं तरी आमच्यातली एक जास्त होत होती.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा वहिनी जमिनीवर पाय पसरून कपांना वर्तमानपत्र गुंडाळत बसली होती. दोन महिने अवकाश आहे म्हणून सांगितलं तरी तिने आठवड्यापासून बांधाबांध काढली होती. "आल्या का वन्सं? गोळ्या मिळाल्या का नुसत्याच भाव विचारून आलात?" मी पुडी दिली. "तिथे खिडकीतून नदी दिसेल का गं?" तिने कपाच्या कानात कागदाचा बोळा घातला. मी म्हटलं, "भाडं धरलंय ते आतल्या गल्लीतलं आहे." "मग ऐकू तरी येईल," ती म्हणाली. "शेजारच्या डॉक्टरीणबाईंना मी सांगूनही टाकलं, आमच्याकडे या म्हणून. चांभाराच्या मुलीची गोष्ट सांगितली त्यांना. पावट्याच्या म्हातारीची पण." मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. इतकी वर्षं सोमवारी संध्याकाळी मी वहिनीला सत्तावीसचे शेरे सांगत आले होते, माझ्या लक्षातच आलं नव्हतं की तिच्याही मनात ते गाव वसत चाललंय, त्यात तिने स्वतःची माणसं, स्वतःची उन्हं घातली आहेत. पाच वर्षं बंद असलेल्या गिरणीचं पीठ आम्ही दोघींनी ऊन ऊन खाल्लं होतं. एका दुकानाची चूक असू शकते, मी स्वतःला म्हटलं. त्या बाईंचीच काही गल्लत असेल. पण असं म्हणत होते ती मी होते, आणि ऐकत होती ती चाळणी होती, आणि चाळणीला ते पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दफ्तरखोलीत बसून सत्तावीसचे जुने गठ्ठे सोडले. धूळ, सुतळी, कागदाचा तो कोंदट गोडसर वास, ज्याने माझी फुप्फुसं भरली असतील. मला फार शोधावं लागलं नाही. खरे भाव गुळगुळीत नसतात. पीठ दोन महिने जागचं हलत नाही आणि तिसऱ्या महिन्यात दांडगाई करतं. कांदा चढतो, कोसळतो, पुन्हा चढतो. खऱ्या भावाचे केस विस्कटलेले असतात. सहा वर्षांपूर्वीपर्यंतचे सत्तावीसचे आकडे तसेच होते, विस्कटलेले, जिवंत. मग एका महिन्याचे चार फॉर्म आलेच नव्हते, आणि त्या जागी एक चिठ्ठी टाचलेली, 'घरी अडचण'. पुढचं एक वर्ष पुन्हा विस्कटलेलं. आणि त्यानंतर इस्त्री. पाच वर्षं, प्रत्येक वस्तू, थोडी थोडी, हळूहळू, सगळ्या एका लयीत वर जाणाऱ्या, जशी रांगेतली मुलं गुरुजींच्या टाळीवर पाय उचलतात. शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. मला का दिसलं नाही? या प्रश्नाशी मी बराच वेळ खोटं बोलत बसले. मग मला चार वर्षांपूर्वीचा एक फॉर्म सापडला, आणि त्याच्या समासात पेन्सिलीचा एक ठिपका होता, खोडलेला, पण कागदाच्या अंगावर त्याचा खळगा राहिलेला. तो माझाच. शंका आली की मी तसा ठिपका ठेवते आणि पुढच्या आठवड्यात पत्र पाठवते. पत्र गेलं नव्हतं. ठिपका मी खोडला होता. त्या फॉर्मचा शेरा होता: 'सकाळी नदीवर धुकं होतं. पलीकडचा चौक उशिरा सापडला.' म्हणजे दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी बोट ठेवून झाकलं होतं, कारण पत्र गेलं असतं तर शेरे थांबले असते. आणि त्याच आकड्यांवर मी माझं आणि वहिनीचं म्हातारपण मांडलं होतं, तीन तीनदा पडताळून.

नोकरीच्या एकोणतीस वर्षांत मी सत्तावीसला कधी फोन केला नव्हता. कारण पडलं नव्हतं. घंटी बरीच वाजली. मग एक जाड, थकलेला आवाज आला. मी कोण ते सांगितलं. पलीकडे काही तरी ओढल्याचा, टेकल्याचा आवाज झाला आणि ते म्हणाले, "बाई, मी वाटच बघत होतो. एवढी वर्षं का लावलीत?" मी म्हटलं, "गिरणी बंद झाली आहे." "हो," ते म्हणाले. "मोबाइलचं दुकान आहे म्हणतात. मी पाहिलेलं नाही." मग त्यांनी सगळं सांगितलं, दुकानदार भाव सांगतो तसं सरळ, एकामागून एक. साखरेचा आजार, सहा वर्षांपूर्वी पाय कापला, गुडघ्याखाली. कळवलं असतं तर नोकरी गेली असती. मंडळींनी, म्हणजे पत्नीने, सांभाळून घेतलं. एक वर्ष त्या दुकानोदुकान फिरल्या, भाव लिहून आणून द्यायच्या. नेमके लिहायच्या, त्यांच्यापेक्षाही. मग त्या गेल्या. "मग मी खिडकीत बसलो, बाई. दुकानं मला तोंडपाठ होती. वरून थोडं थोडं वाढवत गेलो. फार वाढवलं तर तुम्ही विचाराल, म्हणून कमीच वाढवायचो." मी विचारलं, "आणि शेरे?" "तुम्ही एकदा 'छान' लिहिलं होतंत," ते म्हणाले. "लाल पेन्सिलीने. नोकरीत वरच्या कचेरीतून मला आलेला तेवढाच एक शब्द आहे. आकडे मी खोटे लिहिले, बाई. शेरे नाही. सगळं एकदा तरी घडलेलं आहे. फक्त त्या दिवशी नाही." मी म्हटलं, "या आठवड्याचे खरे भाव हवेत. फोनवरून विचारा, शेजाऱ्याला पाठवा, काहीही करा. अंदाज नको." "देतो," ते म्हणाले. "आणि आजारपणाच्या निवृत्तीचा अर्जही सोबतच पाठवतो. तुम्हाला काही लिहावं लागणार नाही." फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुम्ही इकडे यायचा विचार करताय का? तुमच्या आवाजावरून वाटलं." मी म्हटलं, "दोघीजणी येणार होतो."

फॉर्म गुरुवारी आला. शेऱ्याचा रकाना कोरा होता. वरपासून खालपर्यंत कोरा, पेनाचं टोकही न टेकलेला, आणि मी त्या कोऱ्या पट्टीकडे आकड्यांआधी पाहिलं. मग आकडे पाहिले. नवे साहेब, माझ्या निम्म्या वयाचे, फॉर्म हातात घेऊन टेबलाशी आले. "बाई, सत्तावीसमध्ये एकदम एवढी वाढ कशी?" मी म्हटलं, "वाढ एकदम झाली नाही. आपण एकदम पाहिली." मग एका कागदावर लिहून दिलं की सत्तावीसच्या गेल्या पाच वर्षांच्या नोंदी विश्वासाच्या नाहीत, आणि त्या ध्यानात येऊनही तपासणाऱ्याने कळवल्या नाहीत. खाली सही केली. त्यांनी वाचलं. "ध्यानात येऊनही? हे असं कशाला लिहिता? नजरचूक लिहा ना. आठ दिवस राहिलेत तुमचे." मी म्हटलं, "नजर चुकली नव्हती." त्यांनी कागद घडी करून खिशात घातला, फाइलला लावला की नाही मला माहीत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी तक्ता पुन्हा केला. तेच जगणं, त्याच दोघी, खऱ्या भावांचं गाव. त्र्याऐंशी.

मी ते चार दिवस वहिनीला सांगितलं नाही. चार दिवस ती कपांनंतर बशा, बशांनंतर दादाचे फोटो गुंडाळत होती आणि मी तिला सुतळी कापून देत होते. माझं मन त्या दिवसांत एखाद्या दुकानदारासारखं वागत होतं, एक वस्तू दाखव, नको म्हटलं की दुसरी काढ. शिकवण्या घेऊ. भाड्याची खोली आणखी आतल्या गल्लीत पाहू. वर्षभर जमेल तसं ढकलू, मग बघू. आणि तो 'बघू' शब्द माझ्याच मनाच्या तोंडी ऐकला तेव्हा मी दचकले. रविवारी दुपारी उन्हात बसून तिच्यासमोर दोन्ही तक्ते ठेवले आणि सांगितलं. गिरणीपासून सगळं. संपल्यावर वहिनी म्हणाली, "त्या माणसाची बायको गेली म्हणालीस ना? मुलंबाळं?" मी म्हटलं, "विचारलं नाही." "विचारायचं गं," ती म्हणाली. "नुसती पिठाची चौकशी केलीस." मग तिने चष्मा लावला, खऱ्या गावाचा तक्ता मांडीवर घेतला आणि हात पुढे केला. "पेन्सिल दे."

तिने पहिल्यांदा गुडघ्याच्या गोळ्या काढल्या. "यांनी काही होत नाही. उगाच." रेघ सरळ यावी म्हणून तिने माझी पट्टी घेतली. मग दूध. "मला चहा कोराच आवडतो हल्ली." तिला कोऱ्या चहाने ओकारी येते. मग डॉक्टरची फी, मग माझ्या नव्या चष्म्याशेजारचा तिचा नवा चष्मा. "वाचायला आहे कोण इथे? तू वाचतेस, मी ऐकते." थंडीचे कपडे. "तुझ्या दादाचा कोट आहे की." मग पुतण्याकडे जायचं भाडं, तिथे पट्टी थोडी थांबली, मग तीही रेघ आली, बाकीच्यांपेक्षा सरळ. "तोच येईल. आला तर." ती ओठांनी बेरीज पुटपुटत होती आणि मी बघत होते. घरात माणूस दिसेनासा कसा होतो हे मी दादाच्या वेळी पाहिलं होतं, पण ते आजाराने केलं होतं. इथे ती स्वतःच्या हाताने, माझ्या पट्टीने, एकेका ओळीने कमी होत चालली होती, चेहऱ्यावर बाजारात घासाघीस जिंकत आलेल्या बाईचं हसू. "कितीवर आलं?" मी म्हटलं, "एकाहत्तर." "मग अजून चारच की. काय काढू सांग." त्या कागदावर तिचा म्हणून साबण उरला होता, पीठ उरलं होतं आणि भाड्याचा निम्मा हिस्सा. मी म्हटलं, "वहिनी, पुरे." ती म्हणाली, "पुरे कसं? बसायला हवं ना तुझ्या त्या सदुसष्टात?" मी तिच्या हातातून पेन्सिल घेतली. ती सोडेना. आम्ही दोघी म्हाताऱ्या एका बोटभर पेन्सिलीची दोन टोकं धरून बसलो होतो, आणि मग मी जरा जोरात ओढली.

सोमवारी कचेरीतूनच मी पुतण्याला फोन केला. आईला घेऊन जा म्हणाले. तो म्हणाला, "आत्या, तुझं काय?" मी म्हटलं, "माझं बसतंय." हा आकडा खरा होता. एकटीचं जगणं मी मांडलं होतं. सत्तावीसमध्येच, खऱ्या भावाने, भाड्याच्या एका खोलीसकट सत्तावन्न. वहिनीला हे सांगितलं तेव्हा तिने मला अहोजाहोसुद्धा केलं नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभी राहून, पाठ माझ्याकडे करून म्हणाली, "मला काढायचंच होतं तर माझ्या हातून कशाला इतक्या रेघा मारून घेतल्यास?" मी म्हटलं, "तू रेघा मारल्यास म्हणूनच." तिने गॅस बारीक केला. "तू मोठी झालीस ती माझ्या डोळ्यांदेखत," ती म्हणाली. "पण शहाणी कधी झालीस ते कळलं नाही." हे ती कौतुकाने म्हणाली की कडवटपणे, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

पुतण्या शनिवारी आला. त्याने कडेला बसून कर्तव्य म्हणून चहा घेतला, खोल्यांकडे असं पाहिलं जसं लहानपणीचं दप्तर पाहावं, आणि आईच्या दोन पेट्या खाली नेऊन ठेवल्या. डिकीत जागा कमी होती म्हणून बांधलेले कप राहिले. वहिनी चपला घालून तयार होती, हातात काठी, आणि ती दाराकडे न जाता परत आत आली, माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. "तो तुझा एकटीचा तक्ता आण," ती म्हणाली. मी म्हटलं, "आता?" "आण तर. वाच. मला ऐकायचंय तुझं काय काय आहे ते." मी वाचायला लागले. पीठ इतकं. साखर इतकी. "साखर कमी धरलीस. तू आल्यागेल्याच्या चहात दीड चमचा टाकतेस." आलंगेलं कोण येणार, असं मी म्हणणार होते, पण वाढवली. दूध अर्धा लिटर. "एक कर. दही लावायला लागतं तुला." सरपण. "थंडी मोज नीट. नदीचं गाव आहे." तिने काठी गुडघ्यांमध्ये धरली होती आणि डोळे मिटले होते, जशी सोमवारी शेरे ऐकताना मिटायची. "सत्तावन्न आणि सदुसष्ट," ती म्हणाली, "म्हणजे दहा उरतात ना? कुणासाठी ठेवलेस? भर सगळे." मी लिहीत होते. अक्षर सरळ येत नव्हतं. औषधाची ओळ मी धरलीच नव्हती. तिने ती धरायला लावली, आणि आठवड्याला एक फोन, आणि पायाला चांगले मऊ बूट. खालून हॉर्न वाजला. मग जिन्यावर पावलं वाजली, पुतण्या दारात आला, घड्याळाकडे पाहत म्हणाला, "आई, उशीर होतोय, गाडी रस्त्यात लावलीय."

वहिनीने डोळे उघडले नाहीत.

"थांब रे जरा," ती म्हणाली. "हिच्या डोक्याचं तेल लिहून व्हायचंय अजून."